पहिले दोन आटे

कदमबाईंना कुणी आपण होऊन चहा दिला, की त्या आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघायच्या. मग कपाकडं. मग पुन्हा तोंडाकडं. "काय काम काढलंस?" हा पहिला प्रश्न. काही काम नाही म्हटलं, की त्यांचा संशय पक्का. काम नसताना माणूस दुसऱ्याला चहा कशाला देईल, हे त्यांना काही केल्या पटायचं नाही.

बेंबळीच्या शाळेत त्या खेळाच्या बाई आणि मी हिंदीची. दोघीही धाराशिवात राहायचो, त्यामुळं सकाळची एसटी एकच. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मला पहिल्या दिवसापासून "अगं शोभा" आणि माझ्याकडून त्यांना "बाई, तुम्ही". उंच, काटक बाई. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला, नऊवार नाही, पाचवार साडी, पण पायात कायम खेळाचे बूट. गळ्यातली शिट्टी स्टाफरूममध्येसुद्धा उतरवायच्या नाहीत. "उतरवली की कुणीतरी वाजवून बघतंय," म्हणायच्या.

गेल्या पावसाळ्यानंतर बाई वारल्या. शाळेतली माणसं जमली की अजून त्यांच्या नकला होतात, आणि मीही हसते. पण नकलेत बाईंचं अर्धंच येतं, म्हणून हे लिहायला बसले.

एसटीत चढायच्या आधी बाई गाडीला एक चक्कर मारायच्या. मागच्या चाकापाशी वाकून नटांवरून बोट फिरवायच्या. सगळी गाडी खोळंबलेली, मी खिडकीत लाजेनं अर्धी झालेली. ड्रायव्हर ओरडायचा, "बाई, बसा आता, चाक हाय जाग्यावर."

"हाय म्हणून कुणी सांगितलं?"

"डेपोत बघून सोडलंय."

"बघणाऱ्याला कुणी बघितलंय का?"

यावर ड्रायव्हर जोरात हॉर्न वाजवायचा. गाडी सुटायची, आणि बाई माझ्या शेजारी बसून पदराला बोटं पुसत हळूच म्हणायच्या, "एक नट ढिला वाटतोय मला. बोलले न्हाय, उगं लोकं घाबरतेत." बेंबळी येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पहिले दोन आटे कुणीबी गोड बसतंय. तिसऱ्याला कळतंय." बोल्टाला जे आटे असतात, ते. नवे मुख्याध्यापक आले, पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना नावानिशी हाक मारायला लागले, शिपायाच्या पोरीच्या बारशाला गेले. आम्ही सगळे खूश. बाई खुर्चीत मागं रेलून म्हणाल्या, "दोन आटे झाले." पुढं त्याच साहेबांनी दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला सर्वेक्षणाला जुंपलं, तेव्हा बाईंच्या तोंडावर असं समाधान, की सुट्टी गेली ती आमचीच, त्यांची नाहीच.

माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले, तर या न बोलावता हजर. पोह्यांची बशी हातात घेऊन मुलाच्या समोरच बसल्या. त्याला पगार विचारला. थोड्या वेळानं, वेगळ्या शब्दांत, परत पगार. निघताना चप्पल घालता घालता तिसऱ्यांदा. मुलानं बिचाऱ्यानं तिन्ही वेळा एकच आकडा सांगितला. पाहुणे गेल्यावर मी अशी भडकले म्हणता, "बाई, ही काय पद्धत झाली का!" तर शांतपणे म्हणाल्या, "पाठ करून आलाय." तोच आज माझा जावई आहे आणि सोन्यासारखा आहे. दिवाळीला तो पाया पडायचा, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आणि माझ्याकडं बघून भुवई उडवायच्या. अजून तिसरा आटा यायचाय, असा त्याचा अर्थ.

पण मुलींना सायकल शिकवावी ती बाईंनीच. आसपासच्या वस्त्यांवरून येणाऱ्या पोरींना सरकारी सायकली मिळायच्या, त्यातल्या निम्म्या जणींना चालवताच यायच्या नाहीत. बाई साडी खोचून मैदानावर उतरायच्या आणि सीटला हात लावून मागं पळायच्या. पोरगी ओरडायची, "बाई, सोडू नका हं!" तर बाई धापा टाकत ओरडायच्या, "मी धरलंय असं समजूच नको! कुणी मागं धरलंय असं कधीच समजायचं न्हाय!" इतर शिक्षक असं कधी सांगत नाहीत. मला ते ऐकून आत कुठंतरी बोचायचं. एवढ्या लहान पोरीला कशाला हे, असं वाटायचं. पण पोरी शिकायच्या मात्र पटकन.

हा सगळा संशय आला कुठून, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळायचं. देवाच्या फोटोशेजारी भिंतीला सायकलचं एक मागचं चाक टांगलेलं. रोज पुसलेलं.

तरुणपणी बाई शर्यतीची सायकल चालवायच्या. पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात राहून गोल ट्रॅकवर पळवायची ती सायकल. तिला ब्रेक नाही, आणि आपल्या सायकलीसारखे पाय थांबवून नुसतं घरंगळत जायची सोय नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. वेग कमी करायचा तर पाय मागं रेटायचे. त्यासाठी चाकाच्या मधल्या हबवर साखळीचं दातेरी चक्र आट्यांवर बसवलेलं असतं, आणि ते सुटू नये म्हणून त्याच्यावर एक पातळ लोखंडी रिंग. तिचे आटे उलटे. पाय मागं रेटले की चक्र सुटायला बघतं, आणि रिंग ते अडवून धरते. "त्या बांगडीएवढ्या रिंगवर माणसाचा जीव," असं बाई सांगायच्या.

आता गंमत अशी, की वसतिगृहातल्या मुलींच्या सायकली जुन्या, कुणीकुणी वापरून दिलेल्या. एकीचा हब इंग्लंडचा, इंचाच्या मापाचा. दुसरीचा फ्रान्सचा, मिलिमीटरचा. दोन्हींच्या रिंगा शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणींसारख्या, आईलासुद्धा फरक कळायचा नाही. फ्रेंच रिंग इंग्लिश हबवर चढवली तर दोन आटे छान फिरते आणि तिसऱ्याला अडते. लावणाऱ्याला वाटतं, बसली घट्ट. बसलेली नसते.

बाईंच्या चाकाला तशीच रिंग लागली होती. राष्ट्रीय संघाच्या निवडीची शर्यत. शेवटून दुसरी फेरी, बाई पुढं, वळणावर पाय मागं रेटले आणि चक्रासकट रिंग सुटली. साखळी निघाली, बाई सिमेंटवर. खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. निवड तर गेलीच, सायकल चालवणंही सुटलं; हाती उरलं ते हे चाक.

"रिंग बदलली तिनं," बाई सांगायच्या. ती म्हणजे सुमन, ढोकीची, वसतिगृहातली त्यांची जिवाभावाची मैत्रीण. एका ताटात जेवायच्या दोघी. बाईंकडं पुरावे तयार होते. तिचा हब फ्रेंच. त्याच दिवशी तिनं पोट दुखतंय म्हणून शर्यतीतून नाव काढलं. "स्वतः उतरली न्हाय, कारण तिला म्हाईत होतं पुढं काय होणार. आन वरून दवाखान्यात आली बघायला, किती मोडलंय ते. नर्सला सांगितलं मी, हिला आत सोडू नका."

तेव्हापासून बोलणं बंद. धाराशिवहून ढोकी ती किती लांब? पण तिकडच्या लग्नाची पत्रिका आली तरी बाई जायच्या नाहीत.

चाकाखाली एका पत्र्याच्या डबीत ती फ्रेंच रिंग ठेवलेली. आणि बाईंचा आयुष्यभर एकच ध्यास: आपल्या हबची खरी रिंग मिळवायची. पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला कुणीही निघालं की जुन्या बाजारात बघायला सांगणार. भाच्यानं ऑनलाइन मागवून दिली. शाळेतल्या लोमटे सरांनी पुण्यातून दोन आणल्या. एकही बसली नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, ती बसली म्हणून काय होणार आहे आता?"

"माझं चाक पुरं व्हईल. आन दिसंल सगळ्यांला, की माझी रिंग असती तर मी पडले नसते."

मला तेव्हा त्यांचा राग आला आणि दयाही आली. सगळ्यांला म्हणजे कुणाला? घरात त्या एकट्या.

बाई निवृत्त झाल्यावरही मी रविवारी त्यांच्याकडं जायची. अशाच एका रविवारी लोमटे सर आले. सर राहायला ढोकीला. खिशातून कागदाची पुडी काढली. "बाई, ही बघा बसते का. आमच्या गल्लीत एक मावशी ब्लाउज शिवतात. मी सहज बोललो, आमच्या बाई अशी अशी रिंग शोधतात, तर मशीनच्या खणातून काढून दिली. बटणांत होती."

बाईंनी रिंग उजेडात धरली, वास घेतला, रॉकेलनं पुसली. चाक मांडीवर घेतलं. उलट्या बाजूनं फिरवायला लागल्या. एक आटा. दोन. सर आणि मी चाकावर वाकलेलो. तिसरा. रिंग अडली नाही. बाईंची बोटं थांबली, मग परत फिरवायला लागली, आणि रिंग अलगद तळापर्यंत जाऊन बसली.

मला वाटलं, बाई आता रडतील. मीच रडायच्या बेतात होते.

"मावशीचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

"सुमनमावशी."

बाई चाक घेऊन उठल्याच. "बघितलंस शोभा? एवढी वर्षं घरात ठिवली व्हती. माझी रिंग! सापडला चोर."

लोमटे सर बिचारे पुरते गोंधळले. "अहो, त्यांनी आपण होऊन दिली..."

"म्हणूनच! आपण होऊन कोण देतंय?"

दुसऱ्या दिवशी बाई ढोकीला निघाल्या. त्या बाईचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून मी सुट्टी टाकून सोबत गेले. बाईंनी चाक जुन्या चादरीत गुंडाळून घेतलेलं, डबी पिशवीत. "पुरावा," म्हणाल्या. कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट पडंल. बाईंनी त्याच्याशी अशी हुज्जत घातली की त्यानं हात जोडले. सगळ्या वाटेनं त्या सुमनला काय काय बोलायचं ते मला ऐकवत होत्या. मी नुसती हूं हूं करत होते.

सुमनमावशींचं घर रस्त्यालाच. दारात शिलाई मशीन, गळ्यात टेप, नाकावर चष्मा घसरलेला. ठेंगणी, गोल बाई. आम्हाला बघून त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"ये पारू," म्हणाल्या. जणू काल भेटल्या होत्या. "चाकबी आणलंस व्हय?"

कदमबाईंचं नाव पार्वती आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

बाई दारातच सुरू झाल्या. चोर, कपटी, एका ताटात जेवून गळा कापला, जे सगळं वाटेत ऐकलं होतं ते. शेजारच्या बायका डोकवायला लागल्या. सुमनमावशी मधे एक शब्द बोलल्या नाहीत. बाईंचा श्वास संपला तेव्हा म्हणाल्या, "झालं? आता आत ये आन ही रिंग माझ्या चाकाला लावून दाखव."

आत छताला सायकलचं चाक आडवं टांगलेलं होतं आणि त्याला कडेनं शिवून झालेले ब्लाउज लटकत होते. मावशींनी एकेक ब्लाउज काढून खाटेवर ठेवला. स्टुलावर चढून चाक सोडवलं. सगळी सायकल नवऱ्यानं मोडीत घातली, एवढं चाक त्यांनी राहू दिलं होतं.

बाईंनी आपल्या हबवरची रिंग सोडवली आणि मावशींच्या हबला लावली. धरेचना. एक आटासुद्धा पकडेना. तोंडालाच अडायची. बाईंनी फिरवून बघितली, दाबून बघितली.

"आता तुझ्या डबीतली लाव," मावशी म्हणाल्या.

ती लावली. पहिले दोन आटे घासलेले होते, कुरकुरले. मग रिंग गपगार फिरत तळाला गेली. बाई ते चाक मांडीवर घेऊन तशाच बसल्या.

मावशी खाटेच्या कडेला टेकल्या. "आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या रिंगा एका परातीत रॉकेलमधी धुतल्या का न्हाय? दर शर्यतीच्या आधी धुवायचो तशा. चक्रांचे दात मोजून आपापलं वळखू यायचं, रिंगांला खूणच नव्हती. परातीत आधी हात कुणी घातला? आठव. 'माझी कुणीतरी उचलंल' म्हणत तूच घातलास. सगळ्यांच्या आधी. उरलेली माझ्या चाकाला धरंना. सायकल शिकवणाऱ्या सरांला सांगितलं तर म्हणले, घाबरलीस, बहाणे करतीस. आन पोट दुखतंय म्हणून त्यांनीच सांगून टाकलं सगळ्यांला. माझी कुठं गेली ते मला तू पडल्यावर कळलं. तेच सांगाया दवाखान्यात आले व्हते."

बाईंनी रिंगवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "माझी चूक झाली, सुमे."

हे शब्द बाईंच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. माझे डोळे भरून आले. आता दोघी गळ्यात पडतील, असं मला वाटलं. मी हिंदीची बाई, मला असंच वाटणार.

मावशींचा चेहरा मात्र तसाच. "लोखंडानं सांगितल्यावर म्हणतीस. नुसतं मी सांगितलं असतं तर पटलं असतं तुला?"

बाईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना कधीच सवय नव्हती. "न्हाय," म्हणाल्या. "न्हाय पटलं असतं."

"तेच तर. तुझं हाड मोडलं, लई वाईट झालं. पर तू पुढं बाई झालीस, शिट्टी वाजवलीस. मला बानं त्याच महिन्यात घरी आणलं. पोरगी भेकड निघाली म्हणून सायकल बंद, आन लगीन. तुला कधी वाटलं न्हाय, सुमीचं काय झालं ते इचारावं?" मावशींनी चष्मा पुसला आणि उठून चाक परत टांगायला घेतलं. "जा आता. गिऱ्हाईकं येतेत."

परतीच्या एसटीत बाई चाकाला धरून बसल्या होत्या. धाराशिवचं स्टँड आलं, सगळे उतरले, तरी बाई जागच्या हलेनात. मी दंडाला धरून उठवलं.

"शोभा," त्या म्हणाल्या, "आता दिसायला कशी झालीय गं ती? मी बघितलंच न्हाय. मी चाकच बघत होते."

मी सांगितलं. ठेंगणी, गोल, पिकलेले केस, हनुवटीवर गोंदलेला ठिपका.

"ठिपका पूर्वीपासून हाय," बाई म्हणाल्या आणि तिथंच, फलाटावर, सगळ्यांच्या देखत रडल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले तर बाई ढोकीच्या गाडीपाशी उभ्या. हातात काही नाही. मी घाबरलेच. म्हटलं, "आता आणखी कशाला?"

"इचारायला," एवढंच म्हणाल्या.

मावशींनी त्या दिवशी त्यांना दारातून परत पाठवलं. पुढच्या आठवड्यातही. हे मला लोमटे सरांकडून कळलं. बाई स्वतः काही सांगायच्या नाहीत, पण ढोकीची गाडी सोडायच्या नाहीत.

नंतर एकदा मी लेकीकडं लातूरला चालले होते. ढोकीत पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि आमची गाडी नेमकी मावशींच्या घरासमोर अडली. मी खिडकीतून बघितलं. मशीन बंद होतं. खाली पोत्यावर बाई बसल्या होत्या, मांडीवर ब्लाउज, त्याला हूक लावत होत्या. वर स्टुलावर सुमनमावशी. हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, आणि चेहऱ्यावरून रागातच सांगत होत्या. बाई मधे एक शब्द बोलत नव्हत्या. हूक लावायचं थांबून वर तोंड करून ऐकायच्या, मान हलवायच्या, परत सुई घ्यायच्या.

मी हाक मारणार होते. नाही मारली. त्यानंतर पावसाळा आला, आणि तो सरल्यावर बाई गेल्या; दोघींना एकत्र मी परत बघितलं नाही. ट्रॅक्टर सरकला, आमची गाडी निघाली. मी मान वळवून वळवून बघत राहिले. मावशींचं सांगणं अजून चालूच होतं.